आंघोळीआधीचा ठराव

मी नथ्थू कोतवालाचं डफडं बोलतोय. मातीखालून बोलतोय, तेव्हा आवाज दबका आला तर सांभाळून घ्या. नाहीतर माझं तोंड काही लहान नव्हतं. माझा बोल येरमटोल्याच्या सगळ्या घरांत जायचा, आणि वारा बरोबर असला तर नाल्यापलीकडच्या जंगलातही. जन्मभर मी दुसऱ्यांचे निरोप ओरडून सांगितले. हा एक माझा स्वतःचा आहे, तो ऐकून घ्या.

माझा जन्म चंद्रपूरचा, अयूबभाईच्या दुकानातला. बकऱ्याचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, खरवडून, लोखंडी कड्यावर ताणून त्यानं मला मढवलं. कातडं बकऱ्याचं असलं तरी अक्कल माझी मला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नथ्थू मला घ्यायला आला तेव्हा अयूबभाईनं टिचकी मारून दाखवली आणि म्हणाला, "कोतवाल, हे लय तोंडाळ हाये बरं. पानी लागू देऊ नोका, आन रोज थोडं बोलतं ठेवा. नाई त रुसते."

नथ्थूनं मला एसटीत मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "कोतवालसाहेब, लेकराचं अर्धं तिकीट काढा." सगळी गाडी हसली. घरी आल्यावर नथ्थूच्या बायकोनं, भागीरथाबाईनं, दारातच कमरेवर हात ठेवले. "आनली का माही सवत? मांडीवर बसवून आनली! मले त कधी खिडकीपाशी बी बसवलं नाई." बोलली खरी, पण मला हळदीकुंकू तिनंच लावलं, आणि चुलीवरच्या खुंटीला, जिथं ओल येत नाही, तिथं टांगलं. फार मोठ्या मनाची बाई.

मग सुरू झाली माझी नोकरी. मला आधी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, जाळावर शेकायचं, कातडं ताठ झालं की एका हातात जाड टिपरी आणि दुसऱ्या हातात बारीक काडी घेऊन गावभर फिरायचं. रेशन आलं, वीजवाले आले, वाघ दिसला, ग्रामसभा आहे, सगळं मी सांगायचो. माणसं मोठी मजेची असतात हो. रेशनचा बोल ऐकला की बहिरेसुद्धा पळत येतात, आणि लसीचा ऐकला की चांगले धडधाकट गडी बांबूच्या बेटाआड लपतात. पुढं मोबाइल आले. मला वाटलं, आता आपण गेलो खुंटीला कायमचे. पण जंगलात टॉवर कुठला? तिथं माझाच आवाज पोचायचा. म्हणून मी राहिलो.

माझ्या सगळ्या बोलांत एक बोल वेगळा. मयताचा. जाड टिपरीनं, सावकाश, दोन ठोक्यांमध्ये श्वास घ्यायला जागा ठेवून. तो ऐकला की गाव हातातलं काम टाकतं. नांगर असो की चूल असो की बाजार. कोण गेलं हे माझ्या बोलातून कळत नाही, त्यामुळे ज्याच्या घरी कोणी आजारी असेल त्याचा जीव तोंडाशी येतो. आणि एक रीत आहे या गावची. मयताच्या बोलावर जमलेला माणूस 'नाई' म्हणत नाही. खांदा दे म्हटलं, खड्डा खण म्हटलं, वैऱ्याच्या घरून लाकूड आण म्हटलं, तर हो म्हणायचं किंवा गप्प राहायचं. गेलेल्याला शेवटच्या दिवशी कोणी नकार देऊ नये, असं जुने लोक सांगत. माती झाली, डोहावर आंघोळ झाली, की मग जीभ मोकळी. ही रीत फक्त वाजवणाऱ्याला लागू नाही, कारण त्याला हाका मारत फिरावं लागतं. एवढं लक्षात ठेवा.

आता डोंगराचं सांगतो. भीमालगट्टा त्याचं नाव. गावाच्या उशाला आहे. वर पेनठाणा आहे, म्हणजे पेनाचं, आमच्या देवाचं, ठाणं; तिथं गाव दरवर्षी देवाला नवं धान दाखवतं. उतारावर मोह, चारोळी, तेंदू. त्याच्याच पोटातून नाला निघतो, आणि नाल्यावर धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, पिकते. यंदा कोणीतरी येऊन सांगितलं की या डोंगरात बॅटऱ्यांना लागणारा कसलासा दगड आहे. आपलं सरकार आणि समुद्रापलीकडचं एक सरकार यांच्यात मोठा करार व्हायचा होता, आणि त्या करारातल्या डोंगरांच्या यादीत आमचा भीमालगट्टा होता.

एप्रिलमध्ये नायब तहसीलदार दीपिका मॅडम पहिल्यांदा आल्या. तरुण पोर, उन्हानं चेहरा लाल झालेला. मोहाच्या झाडाखाली गाव बसवून त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. जमीन किती, झाडं किती, रोजगार काय, धोका काय, काही लपवलं नाही. गावाचं जाणतं माणूस म्हणजे गुणवंतराव. ते उठून म्हणाले, "मॅडम, तुमी विचाराले आल्या हे लय बरं केलं. पन आमचं बसनं एका दिवसाचं नसते. आज आयकू, घरी जाऊ, बायकांशी बोलू, पेनापाशी बसू, मंग पुन्हा जमू. गप्प बसलो त समजा का अजून ठरलं नाई. आता तेंदू तोंडावर आला. तो आटपू द्या."

मॅडम म्हणाल्या, "चालेल. जूनमध्ये बसू. मी वर तसं कळवते." आणि त्यांनी कळवलंही. त्या बाईला मी वाईट म्हणणार नाही. मला मातीत घातलं त्यांच्या घाईनं, तरी म्हणणार नाही.

मे महिना लागला आणि गाव तेंदूला निघून गेलं. पहाटे अंधारात विडीची पानं तोडायला जायचं, दुपारी पुडे बांधायचे, उन्हं कलायच्या आत फळीवर, ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, नेऊन द्यायचे. घरी उरतात म्हातारे, आजारी आणि कुत्रे. अशा एका सकाळी मॅडमची जीप धूळ उडवत आमच्या दारात आली. जीपमधून उतरतानाही त्या फोनवरच बोलत होत्या.

"नथ्थूभाऊ, सभा आजच घ्यावी लागेल. परदेशी पाहुण्यांचा दौरा अलीकडे आलाय. उद्या सकाळी दिल्लीत सह्या आहेत. गावाला विचारल्याशिवाय हा डोंगर करारात घेता येत नाही, आणि तो कागद आज संध्याकाळच्या आत पाहिजे."

नथ्थू म्हणाला, "मॅडम, गाव कुठी हाये? सारे जंगलात गेले."

सोबतचा कारकून पुढं झाला. "घरी आहेत त्यांचे अंगठे घेऊ ना मॅडम. बाकी उद्या-परवा पाहता येईल. कोण विचारतंय?"

दीपिका मॅडम अशा काही फिरल्या त्याच्यावर! "मी विचारतेय! अंगठे नकोत मला, माणसं पाहिजेत. त्यांनी समोर येऊन मला शिव्या दिल्या तरी लिहून घेईन. पण त्यांना न विचारता एक अक्षर लिहिणार नाही." चारचौघांत कारकुनाचं तोंड उतरलं. मला तर खुंटीवरून टाळी द्यावीशी वाटली.

नथ्थूनं मला शेकलं आणि ग्रामसभेचा बोल वाजवत जंगलाच्या तोंडापर्यंत गेला. वाजवला, वाजवला, हात भरून आले. कोणी आलं नाही. कोण येणार? तोडलेलं पान सोडून सभेला यायला कोणी खुळं आहे काय? सभा काय, उद्याही होते. दूरवरून कोणाची तरी आरोळी आली, "सांग त्याईले, तेंदू झाल्यावर!" बस्स.

तो परतला तेव्हा मॅडम मोहाखाली एकट्याच बसल्या होत्या. फोन वाजत होता आणि त्या त्याच्याकडे नुसत्या पाहत होत्या. म्हणाल्या, "नथ्थूभाऊ, लोक आलेच नाहीत तर 'बोलावूनही गाव हजर राहिलं नाही' असं लिहून वरचे लोक पुढं जातील. तुमच्या लोकांना एक शब्दही बोलायला मिळणार नाही. काहीतरी करा हो."

इथं नथ्थूचं चुकलं. पण तो कशासाठी चुकला तेही पाहा. गावाचा डोंगर गावाला न विचारता जाईल, हे त्याला सोसवेना. लोक आले पाहिजेत, त्यांनी तोंड उघडून नको म्हटलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं जाड टिपरी उचलली.

भागीरथाबाई दारातून ओरडली, "अवो, कोन मेलं?"

"कोनी नाई मेलं. थांब तू."

"मंग काऊन वाजवता? येड लागलं का तुमाले? हा बोल असा वाजवत नसतेत!"

"लोकं आले पायजेत ना!" म्हणाला आणि चालू लागला. आयुष्यभर तो बोल त्यानं वाजवला होता. गप्प राहणाऱ्यांच्या रांगेत तो कधी उभाच राहिला नव्हता. त्याला वाटलं, मयतच नाही तर मौन कशाचं?

मी वाजलो. काय करणार, डफड्याला नको म्हणता येत नाही.

आणि गाव आलं. अरे देवा, काय आलं! पानांचे ढीग तिथंच टाकून, पुडे तुडवत, काट्यातून, नाल्यातून माणसं धावत सुटली. सगळ्यांत पुढं सोमारीबाई. तिचा नवरा झिंगू महिन्याभरापासून खाटेला खिळलेला. तिला वाटलं, तोच गेला. चपला कुठं राहिल्या तिला पत्ता नाही, पायांतून रक्त गळतंय, आणि ती "माह्या झिंग्या रे, माह्या झिंग्या" करत घरात शिरली. आत झिंगू खाटेवर बसून पेज पीत होता. तिला पाहून म्हणाला, "काय झालं व? कोन गेलं?"

सोमारी मटकन खाली बसली. आधी हसली, मग त्याच्याच पाठीत एक धपका घातला, मग ढसाढसा रडायला लागली. तिचं रडणं ऐकून नथ्थूचे हात थांबले. माझ्यावर घाम टपटप गळत होता त्याचा. मला पाण्यापासून जप म्हणून अयूबभाईनं त्याला सांगितलं होतं, पण त्या दिवशी कोण जपणार?

मोहाखाली सगळं गाव जमलं. कोण गेलं, कोण गेलं, विचारून एकमेकांना चाचपून झालं. नथ्थूनं हात जोडले. "कोनी नाई गेलं. माफी करा. मॅडमले आजच विचारायचं हाये, उद्या सह्या हायेत. बोला आता. जे मनात हाये ते बोला!"

कोणी बोललं नाही. शिव्यासुद्धा नाहीत.

नथ्थू गुणवंतरावांकडे वळला. "गुणवंतराव, बोला ना. मयत नाई झालं."

गुणवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग होता, पण आवाज खालीच होता. "बोल वाजला, नथ्थू. गाव त्याच्यावर आलं. आता कोनाची तरी माती झाल्याबिगर आंघोळ होत नाई, आन आंघोळीबिगर तो शब्द निघत नाई. माह्या बापानं कधी काढला नाई. मी बी काढत नाई. उद्या पाहू."

तेव्हा कुठं नथ्थूच्या डोक्यात उजेड पडला. लोकांना तोंड उघडायला आणलं आणि आणतानाच त्यांच्या तोंडाला कुलूप घातलं. तो मॅडमकडे धावला. "मॅडम, आज हे नाई बोलनार. गावाची रीत हाये. उद्या, आंघोळ झाल्यावर, सारे बोलतीन. एक दिवस द्या."

मॅडमनी लगेच वरच्या साहेबांना फोन लावला. फोनमधला आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला. "मॅडम, पाहुणे विमानात बसलेत! दोन देशांचे झेंडे लागलेत तिकडं. तुमच्या गावच्या आंघोळीसाठी थांबायचं काय? विरोध आहे की नाही, एवढं सांगा."

मॅडम लोकांकडे वळल्या. "कोणाची हरकत आहे का?" गाव गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मग त्या अगदी हात जोडून म्हणाल्या, "तोंडानं नका बोलू. नको असेल तर हात तरी वर करा. मी लिहीन." माणसं जमिनीकडे पाहत राहिली. हात वर करणं म्हणजेही नाहीच म्हणणं झालं ना? सोमारी उठून उभी राहिली. डोंगराकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलते! बोल बाई, बोल! पण नुकताच जिवंत सापडलेला नवरा घरात होता, आणि रीत मोडली तर तो बोल खरा होईल याची तिला भीती वाटली. ती खाली बसली.

आणखी एक सांगतो. त्या गर्दीत घाबरलेलं असं फारसं कोणी नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, आज गप्प राहू, उद्या सांगू. मॅडम भली बाई आहे, उद्या ऐकेल. आमच्याकडे गप्प बसलेल्या माणसाला लोक पुन्हा विचारायला येतात. सरकारात पुन्हा विचारायला कोणी येत नाही, हे गावाला ठाऊकच नव्हतं.

मॅडमनी लिहिलं, 'ग्रामसभेस गाव मोठ्या संख्येनं हजर होतं. कोणीही विरोध नोंदवला नाही.' एकही शब्द खोटा नव्हता त्यात. लिहून झाल्यावर त्या जीपच्या आडोशाला गेल्या आणि बराच वेळ पाण्याची बाटली तोंडाला लावून उभ्या राहिल्या. पाणी पीत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न पडला, माती कोणाची करायची? बोल वाजलाय, तर कोणालातरी पोचवलं पाहिजे. नाहीतर तो बोल घराघरात फिरत राहील आणि स्वतःच माणूस निवडेल. नथ्थू म्हणाला, "मलेच घाला." भागीरथाबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हा गुणवंतराव म्हणाले, "ज्यानं हाक दिली त्याले न्या." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी ओरडलो असतो, पण मला शेकलं नव्हतं.

भागीरथाबाईनं मला धुतलं, नव्या फडक्यात गुंडाळलं, कुंकू लावलं. "सवत म्हनलं मी तुले," एवढं म्हणाली आणि पदरात तोंड लपवलं. तिरडी म्हणून दोन बांबू. नथ्थूनं पुढचा खांदा दिला. भीमालगट्ट्याच्या पायथ्याशी, पळसाखाली खड्डा खणला होता. सगळं गाव आलं होतं. झिंगूसुद्धा सोमारीच्या आधारानं आला. प्रत्येकानं मूठमूठ माती टाकली. मातीचं पहिलं ढेकूळ माझ्या कातड्यावर पडलं तेव्हा भद् असा आवाज झाला. तो माझा शेवटचा बोल.

पुढचं मला नथ्थूनं इथं बसून सांगितलं. गावानं डोहात आंघोळ केली आणि ओल्या लुगड्यांनी, ओल्या धोतरांनीच सगळे ट्रॅक्टरवर चढले. तहसीलच्या दारात सोमारी पहिली उतरली आणि आत शिरून म्हणाली, "नाई! आमाले नाई पायजे! आमचा डोंगर आमी देत नाई!" मागून सगळं गाव तेच म्हणायला लागलं. कचेरीतल्या टीव्हीवर दोन देशांची मोठी माणसं एकमेकांच्या हातात हात देऊन उभी होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. दीपिका मॅडम टेबलामागून उठल्या. सोमारीचे ओले, रक्ताळलेले पाय पाहिले. म्हणाल्या, "लिहून घेते बाई. सगळं लिहून घेते आणि वर पाठवते. पण सह्या झाल्या."

"कवा झाल्या?"

"आत्ताच. तुम्ही येत होता तेव्हा."

गाव घरी गेलं नाही. सरळ इथं आलं. मी वर पावलं ऐकली. मला वाटलं, माझ्यासाठी आले. पण सोमारी माझ्यावरून पुढं गेली आणि डोंगराला म्हणाली, "आयक रे बापा. आमी नाई म्हनलं बरं. विकलं नाई तुले. जरा उशीर झाला, एवढंच."



आता पाऊस पडून गेलाय. माझं कातडं कुजलं, कड्याला गंज चढला, वाळवी रोज थोडी थोडी मला नेते. नथ्थू अजून कोतवाल आहे. घरोघर जाऊन तोंडी निरोप सांगतो. लोक त्याला पाणी देतात, पण बस म्हणत नाहीत. परवा म्हातारा झिंगू खरंच गेला. त्याच्यासाठी काही वाजलं नाही. नथ्थू दारोदार पायी फिरला आणि हळू आवाजात सांगत गेला. वर डोंगरावर मशीन आलंय, भोकं पाडतंय. त्याचा ठोका जमिनीतून थेट माझ्या कड्यापर्यंत येतो. माझ्या ठोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे तो. पण त्याच्यावर कोणी धावत येत नाही.

साहेबलोकहो, करार तुमचे, विमानं तुमची, पाहुणे तुमचे. तुम्हाला घाई असेल, खरीच असेल. पण उद्या दुसऱ्या कोण्या गावाला असंच विचारायला जाल, तर एवढं करा. त्या गावाची आंघोळ होईपर्यंत तरी थांबा.

आता मला बोलवत नाही. तोंडात माती गेलीय.